ख्रिस्तवासी मेरी लू विल्यम्स : एका जॅझवादिकेचें अल्पचरित्र

ज्युबिलीच्या अंकांत एखाद्या संताचें चरित्र असावें, असा आपल्याकडे प्रघात आहे, आणि तो स्तुत्यच होय. परंतु संत फ्रान्सिस झेवियर, संत अंतोनी यांचीं चरित्रें आमच्या वाचकांस लहानपणापासून तोंडपाठ आहेत. म्हणून या खेपेस आम्ही अशा एका बाईंचें चरित्र सादर करीत आहों, कीं ज्यांचें नांव संतांच्या नामावळींत नाहीं, ज्यांच्या आयुष्याचा अर्ध्याहून अधिक भाग नाचघरांत, नाटकगृहांत आणि रात्रीच्या हॉटेलांत पियानो वाजविण्यांत गेला, आणि ज्यांच्या हातून पुढें त्याच पियानोवर पवित्र मिस्सेचें संगीत निपजलें. हा विषय निवडण्यास एक घरगुती कारणही आहे. धर्मग्रामांतील तरुण मंडळी गिटार किंवा ड्रम घेऊन वेदीजवळ येऊं लागली, कीं वडील मंडळींच्या कपाळास आंठ्या पडतात. आणि जीं मुलें लग्नाच्या बँडमध्यें वाजवून पोट भरतात, तीं रविवारीं देवळांत अगदीं शेवटच्या बाकावर बसतात, जणूं आपला धंदा प्रभूस दाखविण्याजोगा नाहीं. या दोन्ही पक्षांनीं हें चरित्र वाचावें, अशी आमची इच्छा आहे.

जॅझ आणि ब्लूज हे शब्द सर्वांच्या कानांवरून गेलेले असले, तरी त्यांचा अर्थ थोडक्यांत सांगणें बरें. आफ्रिकेंतून गुलाम करून अमेरिकेंत नेलेल्या कृष्णवर्णीय लोकांच्या श्रमगीतांतून, आणि इजिप्तच्या दास्यांतून सुटलेल्या इस्राएल लोकांची कथा आपलीच समजून त्यांनीं रचलेल्या भक्तिगीतांतून हें संगीत जन्मास आलें. ब्लूजचा सांचा साधा आहे. ठेक्याच्या बारा घरांचें एक आवर्तन, तीन स्वरसंघ, आणि तिसरा व सातवा स्वर किंचित् उतरवून, हुंदका दाबल्यासारखा घेणें, एवढेंच त्याचें भांडवल. जॅझमध्यें वादक अशा सांच्यावर आयत्या वेळीं स्वतःची भर घालीत जातो. आपल्याकडील गवई चीज विस्तारतो, तसें कांहींसें. मेरीबाई पुढें हा सारा इतिहास एका झाडाच्या चित्रावरून समजावीत असत. त्या झाडाच्या मुळाशीं दुःख हा शब्द लिहिलेला होता. वर खोडांत भक्तिगीतें, रॅगटाइम, स्विंग वगैरे प्रकार येत, आणि ब्लूजचा रस सबंध झाडांतून वाहत असे. ज्या संगीताच्या मुळाशीं दुःख आहे, तें क्रूसापासून फार दूर असूं शकत नाहीं, असें त्यांचें मत होतें, आमचेंही आहे.

मेरी एल्फ्रिडा स्क्रग्ज हें त्यांचें मूळ नांव. जन्म ८ मे १९१० रोजीं, अमेरिकेच्या दक्षिणेंतील अटलांटा शहरीं. आई व्हर्जिनिया परक्या घरीं काम करी, आणि सवड मिळे तेव्हां घरांतील पायपेटीवर भजनें व त्या काळचीं चालू गाणीं वाजवी. आपल्या जुन्या देवळांतून असे, तसलीच ती पायांनीं भाता हालविण्याची पेटी. मेरी तेव्हां तीन-चार वर्षांची असेल. आई तिला मांडीवर घेऊन वाजवीत होती. आईचे हात थांबले, तों पोरीनें आपले हात पुढें करून तीच चाल पेटीवर उमटविली. आई इतकी दचकली, कीं मांडीवरचें मूल खालीं पडलें, आणि ती शेजाऱ्यांना बोलाविण्यास बाहेर धांवली!

यानंतर या माउलीनें जो निश्चय केला, त्याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें. तिनें मुलीस शिक्षक ठेवण्याचें साफ नाकारलें. तिला स्वतःला शिक्षकानें कागदावरील स्वर वाचावयास शिकविलें होतें, आणि त्यापायीं समोर कागद नसला कीं तिचे हात अडून बसत. आपल्या मुलीचें असें होऊं नये, म्हणून ती धंदेवाईक वादकांना घरीं बोलावी आणि मुलीस त्यांचें वादन ऐकूं देई. सेमिनरींत कागदावरून गायन शिकलेल्या आमच्यासारख्यांस ही गोष्ट किंचित् झोंबते. पण मेरीबाई पुढें जन्मभर शिक्षिका म्हणून वावरल्या, त्यांच्या शिकविण्याच्या पद्धतीचें मूळ येथेंच आहे : आधीं कान, मग हात, आणि कागद सर्वांत शेवटीं.

१९१५ च्या सुमारास हें कुटुंब पोलाद आणि कोळशाच्या धुरानें काळवंडलेल्या पिट्सबर्ग शहरीं, ईस्ट लिबर्टी नांवाच्या वस्तींत राहावयास आलें. शेजार गोऱ्यांचा होता. नव्या बिऱ्हाडाच्या खिडक्यांवर विटा येऊं लागल्या. पण कोणी शेजाऱ्यानें या लहान मुलीचें वादन ऐकलें, मग दुसऱ्यानें तिला घरीं बोलाविलें, आणि हळूहळू विटा बंद झाल्या. ईस्ट लिबर्टीची छोटी पियानोवाली, असें तिचें नांवच पडलें. शहरांतील लक्षाधीशांच्या मेजवान्यांतही तिला बोलावणें येई. सावत्र बाप फ्लेचर बर्ली यानें तिला आपलें ओव्हरकोटाचें पांघरूण दिलें, तें अक्षरशः. तो तिला कोटाखालीं लपवून जुगाराच्या अड्ड्यांत नेई, पियानोपुढें बसवी, आणि आपल्या टोपींत प्रथम स्वतःचा एक डॉलर टाकून ती टोपी सर्वांपुढें फिरवी. घरीं जातांना मात्र आपला डॉलर तो परत मागून घेई. जुगाराचें समर्थन आमच्या लेखणीस शोभणार नाहीं. पण बापानें मुलीच्या गुणाचें कौतुक करावें कसें, हें या मनुष्यास कळत होतें, एवढें म्हणणें भाग आहे.

याच वयांत तिनें एका नाटकगृहांत लव्ही ऑस्टिन नांवाची वादिका पाहिली. ती बाई पायावर पाय टाकून, तोंडांत सिगारेट धरून, डाव्या हातानें पियानो वाजवीत असतां उजव्या हातानें पुढच्या प्रवेशाचें संगीत लिहीत होती. स्त्री असून हें करतां येतें, हें मेरीनें त्या दिवशीं पाहिलें, आणि मनाशीं ठरविलें कीं आपणही असेंच करावयाचें.

बाराव्या वर्षीं शाळेच्या सुटींत ती एका फिरत्या खेळाबरोबर गेली, आणि मग रस्ता हाच तिचा संसार झाला. सोळा-सतरा वर्षांची असतां जॉन विल्यम्स या सॅक्सोफोनवादकाशीं तिचा विवाह झाला. पती अँडी कर्क यांच्या ताफ्यांत दाखल झाला. आनंदाचे बारा मेघ, अशा अर्थाचें गमतीदार नांव त्या ताफ्यास होतें. मेरीबाईंस तेथें आरंभीं जागा नव्हती. टल्सा शहरीं असतां पोटासाठीं त्यांनीं प्रेतें नेण्याची मोटार चालविली. ताफ्यासाठीं त्यांना नव्या कल्पना सुचत. त्या पियानोवर वाजवून दाखवीत आणि कर्कसाहेब कागदावर उतरून घेत. त्यांचा वेग बाईंस पुरेना. तेव्हां त्यांनीं स्वरलेखनाचे नियम त्यांच्याकडूनच समजून घेतले आणि स्वतः लिहूं लागल्या. कागद आला तो असा, गरज पडल्यावर.

१९२९ सालीं कॅन्सस सिटी येथें ध्वनिमुद्रणाच्या वेळीं ताफ्याचा ठरलेला वादक आला नाहीं. त्याच्या जागीं मेरीबाई बसल्या. पुढच्या खेपेस कंपनीचे अधिकारी जॅक कॅप यांनीं ही बाई नसेल तर मुद्रण नको, असा हट्ट धरला, आणि १९३० सालीं शिकागो येथें त्यांच्या एकटीच्या वादनाची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यासाठीं मेरी या नांवास लू जोडण्यांत आलें, तें कायमचें चिकटलें. यानंतरचीं बारा वर्षें त्या या ताफ्याचा आत्मा होत्या. त्या काळीं ताफ्यांत स्त्री असे ती गाणें म्हणण्यासाठीं. येथें एक स्त्री पुरुषांच्या संबंध ताफ्यासाठीं संगीत लिहीत होती आणि पियानोवरून त्यांना हांकीत होती. बेनी गुडमन यांच्यासाठीं त्यांनीं १९३७ सालीं लिहिलेली ‘रोल एम’ ही रचना देशभर गाजली. अर्ल हाइन्स, टॉमी डॉर्सी हेही त्यांच्याकडून संगीत लिहवून घेत. मान असा होता, पण दक्षिणेंत फिरतांना हॉटेलांत खोली मिळत नसे आणि मोटारींतच जेवावें लागे.

गिटार वाजविणाऱ्या आमच्या तरुणांसाठीं एक गोष्ट येथें नमूद करतों. विजेची गिटार तेव्हां नवीन होती. कर्क यांच्या ताफ्यांतील फ्लॉइड स्मिथ यानें १९३९ सालीं तिच्यावर वाजविलेला ब्लूज फार प्रसिद्धीस आला. त्याच वर्षीं ओक्लाहोमांतील चार्ली क्रिश्चन नांवाच्या एका गरीब तरुण गिटारवादकाची माहिती मेरीबाईंनीं जॉन हॅमंड या नामांकित संगीत-पारख्यास दिली, आणि त्यामुळें तो तरुण गुडमन यांच्याकडे पोंचला. तो १९४२ सालीं क्षयानें, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं वारला. परंतु जॅझमधील गिटारवादन त्याच्यापूर्वीं आणि त्याच्यानंतर, असे दोन भाग आजही पाडतात. दुसऱ्याचा गुण ओळखून त्यास पुढें लोटणें, हा बाईंचा स्वभावच होता.

याच १९३० नंतरच्या दशकांत टेडी वेदरफर्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत जॅझ वाजवीत होता, आणि गोव्यांतील देवळांच्या शाळांतून मेस्त्रीच्या हाताखालीं व्हायोलिन शिकलेली आपली मंडळी मुंबईच्या ताफ्यांतून बसूं लागली होती. देवळांत शिकून नाचघरांत जाण्याची ही वाट मेरीबाईंच्या वाटेच्या अगदीं उलट होय.

१९४२ सालीं त्यांनीं कर्क यांचा ताफा सोडला. पहिला विवाह मोडला होता. पुढें हॅरोल्ड बेकर या तुतारीवादकाशीं केलेला दुसराही टिकला नाहीं. हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं, कारण त्यांनीं स्वतः कधीं झांकलें नाहीं. न्यूयॉर्क येथें हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीजवळ हॅमिल्टन टेरेस येथें त्यांनीं बिऱ्हाड केलें. रात्रीं कॅफे सोसायटी नांवाच्या हॉटेलांत वादन, आणि तें आटोपल्यावर पहांटेस घरीं शाळा! थिलोनियस मंक, बड पॉवेल, टॅड डॅमरन, डिझी गिलेस्पी हे पुढें जगप्रसिद्ध झालेले तरुण त्या खोलींत येत, आपल्या नव्या रचना पियानोवर वाजवून दाखवीत, आणि बाईंचा अभिप्राय घेत. त्यांच्या वयाचे इतर वादक या नव्या संगीतास नाकें मुरडीत होते. मेरीबाईंनीं त्यांना शिकविलें आणि त्यांच्यापासून शिकल्याही. फी नव्हती, उलट जेवण मिळे. १९४५ सालीं बारा राशींवर त्यांनीं रचलेल्या ‘झोडियाक सूट’ या संगीतमालेचा कांहीं भाग पुढील वर्षीं कार्नेगी सभागृहांत मोठ्या वाद्यवृंदासह झाला. राशिभविष्याशीं आपला संबंध नाहीं. बाईंनीं प्रत्येक रास आपल्या कांहीं वादक मित्रांना अर्पण केली होती, एवढाच त्याचा अर्थ.

१९५२ च्या अखेरीस त्या थोड्या दिवसांसाठीं म्हणून इंग्लंडला गेल्या आणि युरोपांत दोन वर्षें राहिल्या. कीर्ति होती, पैसा येत होता आणि तितक्याच वेगानें जात होता. परंतु मनाचा आधार सुटला होता. तरुण मित्र अफूजन्य विषांच्या नादीं लागून एकामागून एक खचत होते. पॅरिस येथें एका जिवलग वादक मित्राचा अकस्मात् मृत्यु झाला. कोणा अमेरिकन लष्करी मनुष्यानें त्यांना स्तोत्रसंहितेंतील ९१ वें स्तोत्र, म्हणजे जुन्या लॅटिन क्रमाप्रमाणें ९० वें, वाचावयास सांगितलें. त्यांनीं तें वाचलें, आणि मग सारींच स्तोत्रें वाचूं लागल्या. १९५४ सालीं एके रात्रीं पॅरिसच्या एका हॉटेलांत वादन चालू असतां त्या पियानोवरून उठल्या आणि निघून गेल्या. भांडण नाहीं, आजार नाहीं. वाजविणें नको झालें, इतकेंच. त्या वर्षाच्या अखेरीस त्या न्यूयॉर्कला परतल्या, आणि पियानोस त्यांनीं जवळजवळ तीन वर्षें लोकांपुढें हात लाविला नाहीं.

त्यांच्या घरापासून जवळच लूर्दमातेचें देऊळ होतें, आणि तें दिवसां उघडें असे. (देऊळ दिवसां उघडें ठेवण्याविषयीं आमचा आग्रह कित्येकांस जाचक वाटतो, त्यांनीं येथें क्षणभर थांबावें.) मेरीबाई कॅथॉलिक नव्हत्या. परंतु दार उघडें दिसलें म्हणून आंत गेल्या, आणि मग रोज जाऊं लागल्या. तासन्‌तास त्या बसत. हातांत नांवांची एक लांबलचक यादी असे. वेडे झालेले, तुरुंगांत पडलेले, मेलेले, कर्जांत बुडालेले वादक, एकेकाचें नांव घेऊन त्या प्रार्थना करीत. १९५५ च्या मार्चमध्यें चार्ली पार्कर हा असामान्य सॅक्सोफोनवादक चौतिसाव्या वर्षीं व्यसनापायीं गेला. यादी आणखी वाढली. प्रार्थना करून त्या स्वस्थ बसत नसत. आजारी वादकास घरीं आणून ठेवीत, त्याचें अन्न शिजवीत, आणि घरांत पैसा उरला नाहीं तेव्हां स्वतःचे भारी झगे विकीत. उपासही कडक करीत. ज्या हातांनीं हजारोंस नाचविलें, ते हात आतां देवाच्या कामास निरुपयोगी आहेत, असा त्यांचा ग्रह झाला होता. संगीत हेंच आपलें पाप, असें त्या मानूं लागल्या.

आम्हांस या चरित्राचा गाभा येथें दिसतो. असा मनुष्य धर्मगुरूकडे येतो, तेव्हां त्यास काय सांगावें? पुष्कळांनीं तिचा निश्चय वाखाणला असता, आणि ती कायमची पियानो सोडून बसली असती तर एक उत्तम पश्चात्ताप म्हणून तिचें उदाहरण प्रवचनांत दिलें असतें. मेरीबाईंच्या सुदैवानें त्यांना दोन शहाणे धर्मगुरु भेटले. गिलेस्पी यांच्या ओळखीनें आलेले फा. जॉन क्राउली यांनीं त्यांना समजाविलें, कीं वादन हीच प्रार्थना समजून दुसऱ्यांसाठीं अर्पण करावी. येशूसंघीय फा. अँथनी वुड्स यांनीं त्यांना धर्मशिक्षण दिलें, उपासतापासांस आवर घातला, आणि हेंच पुन्हां पुन्हां सांगितलें. १९५७ च्या मे महिन्यांत संत इग्नाती लोयोला यांच्या चर्चमध्यें फा. वुड्स यांच्या हस्तें मेरीबाईंचा स्नानसंस्कार झाला. गिलेस्पी यांची पत्नी लोरेन हिनेंही त्यांच्याबरोबरच कॅथॉलिक धर्म स्वीकारला. आणि दोनच महिन्यांनीं, जुलै १९५७ मध्यें, न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवांत गिलेस्पी यांच्या ताफ्याबरोबर मेरीबाई पुन्हां पियानोपुढें बसल्या. ख्रिस्तसभेनें त्यांना नाचघरांतून बाहेर काढलें नाहीं. प्रार्थना हातांत देऊन परत पाठविलें. सेमिनरींत नीतिशास्त्राचे ग्रंथ आम्हींही वाचले आहेत; परंतु या दोघां धर्मगुरूंनीं दिलेला सल्ला आम्हांस त्या ग्रंथांच्या कित्येक पानांहून अधिक मोलाचा वाटतो.

सर्वच कांहीं साधलें असें नाहीं. १९५८ सालीं व्यसनाधीन वादकांना बरें करण्यासाठीं बाईंनीं बेल कँटो नांवाची संस्था काढली. तिच्यासाठीं कार्नेगी सभागृहांत कार्यक्रम केला, श्रीमंतांच्या घरून जुने कपडे जमवून त्यांचें दुकान चालविलें, आणि गल्ल्यावर स्वतः बसल्या. पण वादकांसाठीं जें विश्रामगृह बांधावयाचें होतें, तें शेवटपर्यंत उभें राहिलें नाहीं. हिशेब हा त्यांचा प्रांत नव्हता. धर्मादाय कामांत हात घातलेल्या कोणासही हें अपयश परकें वाटणार नाहीं.

६ मे १९६२ रोजीं पोप तेविसावे योहान यांनीं संत मार्टिन दे पोरेस यांना संतपदास चढविलें. पेरू देशांतील लिमा शहरीं १५७९ सालीं, स्पॅनिश बाप आणि दास्यांतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय आई यांच्या पोटीं जन्मलेले हे डोमिनिकन ब्रदर. न्हाव्याचें व वैद्याचें काम करीत, झाडू मारीत, आणि मठांतील उंदरांवरही दया करीत, ते १६३९ सालीं प्रभूच्या घरीं गेले. मेरीबाईंनीं त्यांच्यावर एक स्तोत्र रचलें, शब्द फा. वुड्स यांचे होते. नोव्हेंबर १९६२ मध्यें न्यूयॉर्क येथील संत फ्रान्सिस झेवियर चर्चमध्यें तें प्रथम गाइलें गेलें. कित्येक जॅझवाल्यांना तें फार देवळासारखें वाटलें आणि कित्येक देवळांतल्यांना तें फार जॅझसारखें वाटलें. मोठ्या कंपन्यांची वाट न पाहतां मेरीबाईंनीं स्वतःच्याच छोट्या कंपनीमार्फत १९६४ सालीं ‘ब्लॅक क्राइस्ट ऑफ द अँडीज’ या नांवानें ध्वनिमुद्रिका काढली.

देवळांतल्यांच्या नाखुशीस आधार नव्हता असें नाहीं. १९०३ सालीं पोप दहावे पायस यांनीं पवित्र संगीताविषयीं जें आज्ञापत्र काढलें, त्यांत चर्चमध्यें पियानो वाजविण्यास स्पष्ट मनाई केली होती. ढोल, झांजा वगैरे गलबल्याचीं वाद्येंही वर्ज्य केलीं होतीं, आणि गायकवृंदांत स्त्रियांस स्थान ठेवलें नव्हतें. म्हणजे मेरीबाई तिन्ही कलमांखालीं बाहेर! त्या काळीं देवळांतून नाटकी गाण्यांचा जो सुळसुळाट झाला होता, तो पाहतां पोपमहाराजांची कळकळ योग्यच होती. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचें संविधान प्रसिद्ध केलें. त्यांत मोठ्या ऑर्गनचा मान कायम ठेवून, इतर वाद्यें पवित्र उपयोगास योग्य असतील वा करतां येतील, तर अधिकाऱ्यांच्या संमतीनें घ्यावीं असें ठरलें. आणि ज्या लोकांचें स्वतःचें संगीत आहे, त्यांच्या संगीतास योग्य मान द्यावा असेंही सांगितलें. आपल्याकडे मिस्सा मराठींत होऊन वेदीजवळ पेटी आणि तबला आला, तो याच दारानें. आज गिटारीस आंठ्या घालणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं तेव्हां तबल्यास आंठ्या घातल्या असतील, असा आमचा तर्क आहे.

पिट्सबर्गचे बिशप जॉन राइट, जे पुढें कार्डिनल झाले, यांचा मेरीबाईंस चांगला आश्रय होता. त्यांच्या साह्यानें १९६४ सालीं त्या शहरांत जॅझ महोत्सव झाला, आणि पुढें त्यांना तेथील सीटन हायस्कूल या मुलींच्या कॅथॉलिक शाळेंत संगीत शिकविण्यास बोलाविण्यांत आलें. वर्गांत संगीतशास्त्राचे नियम सांगूं लागतां मुली कंटाळूं लागल्या. तेव्हां बाईंनीं पुस्तक बाजूस ठेवलें आणि मुलींना गाण्यासाठीं एक मिस्सा रचावयास घेतली. तुकडा तयार होई तसतसा त्यांच्याकडून गाऊन घेत. अशा रीतीनें शिकवितां शिकवितां त्यांची पहिली मिस्सा पुरी झाली, आणि १९६७ सालीं पिट्सबर्गच्या संत पॉल कॅथेड्रलमध्यें ती गाइली गेली. पुढील वर्षींच्या उपवासकाळासाठीं दुसरी मिस्सा हार्लेममधील एका चर्चमध्यें झाली. १९६९ सालीं त्या रोमला गेल्या. तेथें न्याय व शांति आयोगाकडून त्यांना शांतीसाठीं मिस्सा रचण्याची सूचना झाली, आणि त्याच वर्षीं ती न्यूयॉर्क येथें प्रथम सादर झाली. हीच पुढें ‘मेरी लूज मास’ या नांवानें ओळखली गेली. १९७१ सालीं आल्विन एली या प्रसिद्ध नृत्याचार्यानें तिच्यावर नृत्य बसविलें. वाचक म्हणतील, मिस्सेवर नृत्य! पण दाविदानें कोशापुढें काय केलें होतें, तें दुसऱ्या शमुवेलाच्या सहाव्या अध्यायांत पाहावें.

तरीही न्यूयॉर्कच्या संत पॅट्रिक कॅथेड्रलचें दार उघडण्यास वर्षें लागलीं. बाईंनीं अर्ज केले, भेटी घेतल्या, प्रार्थना केली, आणि धीर सोडला नाहीं. अखेर १८ फेब्रुवारी १९७५ रोजीं त्या कॅथेड्रलमध्यें पहिल्यानेंच जॅझ संगीतासह मिस्सा झाली. वेदीपाशीं त्यांचे मित्र येशूसंघीय फा. पीटर ओब्रायन होते, गायकवृंदांत शाळकरी मुलें होतीं, तीन हजारांवर लोक जमले होते, आणि पियानोपुढें मेरीबाई. अटलांटांतील पायपेटीपासून हें अंतर साठ वर्षांचें होतें.

या फा. ओब्रायन यांच्याविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. ते दीक्षा घेण्यापूर्वीं, विद्यार्थी असतां १९६४ सालीं बाईंचें वादन ऐकण्यास एका हॉटेलांत गेले आणि त्यांचे स्नेही झाले. पुढें वरिष्ठांच्या संमतीनें त्यांनीं बाईंच्या कार्यक्रमांची व्यवस्था अंगावर घेतली. करारपत्रें, रेल्वेचीं तिकिटें, पियानो सुरांत आहे कीं नाहीं, सारें पाहिलें. धर्मगुरूचें हें काम आहे काय, असें कोणी विचारील. आमचें उत्तर होय असें आहे.

१९७७ सालीं नॉर्थ कॅरोलिनांतील ड्यूक विद्यापीठानें मेरीबाईंस बोलाविलें. ज्यांनीं कॉलेजाची पायरी चढली नव्हती, त्या आतां प्राध्यापकांत बसूं लागल्या. फा. ओब्रायन जॅझचा इतिहास सांगत, आणि बाई तो पियानोवर वाजवून दाखवीत : हे श्रमगीत, हा रॅगटाइम, ही डाव्या हाताची बूगी-वूगी, हा नवा बॉप. हे सारे काळ त्या स्वतः जगल्या होत्या. त्यांच्या वर्गास विद्यार्थ्यांची इतकी गर्दी होई, कीं जागा अपुरी पडे. त्या त्यांना लिहून घेण्यापेक्षां ऐकावयास लावीत, टाळ्यांनीं ठेका धरावयास लावीत, गावयास लावीत. आईनें नाकारलेला तो कागदी शिक्षक त्यांनीं स्वतःच्या वर्गांतही येऊं दिला नाहीं.

१९७९ सालीं त्यांना कर्करोग झाल्याचें कळलें. त्यांनीं शिकविणें सोडलें नाहीं. शेवटच्या महिन्यांत अंथरुणावरूनही जॅझच्या इतिहासावरील एक मोठी रचना लिहिण्याचें काम चालू होतें, तें अपुरें राहिलें. २८ मे १९८१ रोजीं डरहॅम येथें त्यांनीं देह ठेवला. ज्या संत इग्नातींच्या चर्चमध्यें त्यांचा स्नानसंस्कार झाला होता, तेथेंच अंत्यविधीची मिस्सा झाली. अँडी कर्क, बेनी गुडमन, डिझी गिलेस्पी हे सारे बाकांवर बसले होते. देह पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी दफनभूमींत ठेवला आहे.

मृत्यूपूर्वीं एक वर्ष, १९८० सालीं, त्यांनीं आपल्या नांवाची एक संस्था स्थापून आपली मिळकत तिला लावून दिली होती. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना जॅझ शिकविणें, हा तिचा उद्देश. फा. ओब्रायन यांनीं २०१५ सालीं स्वतः निवर्तेपर्यंत त्या संस्थेचें काम पाहिलें.